कॅलिफोर्नियात गाडीची धडक आणि स्मॉल क्लेम्स: वकिलाशिवाय दावा कसा चालवायचा

प्रश्न थोडक्यात असा. फ्रिमाँटमधल्या एका सिग्नलवर हिरवा दिवा असताना तुम्ही सरळ चालला होतात. समोरून आलेल्या गाडीने डावीकडे वळताना तुमची वाट अडवली आणि धडक झाली. कुणाला लागलं नाही. तुमचा विमा फक्त लायबिलिटीचा, त्यामुळे तुमच्या गाडीचं नुकसान तुमची कंपनी देणार नाही. दुरुस्तीचं बिल ७,८४० डॉलर. समोरच्याची विमा कंपनी ‘दोघांचीही निम्मी निम्मी चूक’ म्हणून अर्धे पैसे द्यायला तयार आहे. एवढ्याशा प्रकरणाला वकील हात लावत नाहीत. मग स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टात, स्वतःच जाता येईल का?

येईल. तिथे स्वतःच जावं लागतं. कॅलिफोर्नियाच्या स्मॉल क्लेम्स कोर्टात सुनावणीला वकील उभा करता येत नाही, ना तुम्हाला ना त्यांना. व्यक्तीने दावा लावायचा असेल तर २०२४ पासून मर्यादा १२,५०० डॉलर आहे, त्यामुळे तुमचं प्रकरण आरामात बसतं. पण एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. बहुतेक लोक सगळी ताकद ‘चूक कुणाची’ यावर खर्च करतात. प्रत्यक्षात दावे फसतात ते तीन कंटाळवाण्या जागी: प्रतिवादीचं नाव चुकतं, समन्सची बजावणी चुकते, किंवा मागितलेल्या रकमेमागे कागद नसतो. चूक सिद्ध करणं त्या मानाने सोपं असतं.

आधी त्या ‘निम्मी निम्मी’बद्दल. तो अॅडजस्टरचा, म्हणजे विमा कंपनीच्या नुकसान ठरवणाऱ्या माणसाचा, पहिला भाव आहे, निवाडा नाही. कॅलिफोर्नियात चूक टक्क्यांत वाटली जाते हे खरं. तुमची २० टक्के चूक ठरली तर नुकसानीतून २० टक्के वजा होतात, अगदी ७० टक्के ठरली तरी उरलेले ३० टक्के मिळतात. पण ते टक्के अॅडजस्टर ठरवत नाही, न्यायाधीश ठरवतात. त्याला ईमेल करून विचारा की माझी निम्मी चूक नेमक्या कोणत्या कारणासाठी धरली. उत्तरात ‘वेग जास्त होता’ किंवा ‘दिवा पिवळा होता’ असं काही येईल. तोच समोरच्याचा कोर्टातला बचाव असणार आहे आणि तो तुम्हाला फुकट, आगाऊ मिळतो.

एक सावधगिरी. अर्धा चेक स्वीकारताना सोबत रिलीजचा, म्हणजे हक्क सोडल्याचा, कागद येतो. त्यात ‘या अपघातातून उद्भवणारे सर्व दावे’ असे शब्द असतील आणि तुम्ही सही केलीत, तर विषय तिथेच संपला. चेकच्या मागे किंवा खाली बारीक अक्षरात ‘पूर्ण आणि अंतिम’ असं छापलेलं असलं तरी तोच धोका. न वाचता बँकेत टाकू नका.

मुदतीचं गणित असं: गाडीच्या किंवा इतर मालमत्तेच्या नुकसानीसाठी अपघाताच्या तारखेपासून ३ वर्षं, शारीरिक इजेसाठी २ वर्षं. विमा कंपनीशी वाटाघाटी चालू आहेत म्हणून हे घड्याळ थांबत नाही. समोरची गाडी शहराची, काउंटीची किंवा राज्याची असेल, म्हणजे बस, कचऱ्याचा ट्रक, पोलिसांची गाडी, तर आधी त्या खात्याकडे ६ महिन्यांच्या आत लेखी मागणी दाखल करावी लागते. ती राहिली की कोर्ट दावा ऐकत नाही. नुकसान १,००० डॉलरच्या वर असेल किंवा कुणाला लागलं असेल, तर डीएमव्हीकडे (राज्याच्या वाहन खात्याकडे) एसआर-१ हा फॉर्म १० दिवसांत भरायचा असतो. पोलिस येऊन गेले तरी तो आपला आपण भरावा लागतो. राहिला असेल तर आज भरा, लायसन्सवर बालंट नको.

वादी कोण, प्रतिवादी कोण

आपल्याकडे घरातली गाडी एकाच्या नावावर आणि चालवणारा दुसरा, हे सर्रास असतं. गाडीच्या नुकसानीचा दावा नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याचा. गाडी बायकोच्या नावावर आणि चालवत होता नवरा, तर वादी बायको आणि नवरा साक्षीदार. नोंदणीत दोघांची नावं असतील तर दोघं वादी व्हा. संयुक्त दाव्यात एक जोडीदार दुसऱ्याच्या संमतीने त्याच्या वतीने बोलू शकतो, पण न्यायाधीशांनी ते मान्य करावं लागतं. शक्यतो दोघांनीही जावं.

प्रतिवादी म्हणून दोघांची नावं घाला, गाडी चालवणारा आणि गाडीचा नोंदणीकृत मालक. मालकाने परवानगी देऊन गाडी दिली असेल तर कायद्याने ठरवलेल्या रकमेपर्यंत तोही जबाबदार असतो. वळणारा ड्रायव्हर तेव्हा कामावर असेल, समजा एखाद्या दुकानाची डिलिव्हरी करत असेल, तर मालक कंपनीही घाला. तिचं कायदेशीर नाव पाटीवरून उतरवू नका. राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या वेबसाइटवर ते फुकट शोधता येतं, आणि कंपनीचे समन्स स्वीकारायला नेमलेला एजंट कोण हेही तिथेच कळतं. अल्पवयीन ड्रायव्हर असेल तर त्याच्या लायसन्सच्या अर्जावर सही करणारे आईवडील जबाबदार धरले जातात.

विमा कंपनीला मात्र प्रतिवादी करू नका. ही सगळ्यात जास्त होणारी चूक. भांडण तिच्याशी चाललेलं असतं, पत्रं तिची येतात, म्हणून लोक फॉर्मवर तिचंच नाव लिहितात. पण तिचा करार तिच्या ग्राहकाशी आहे, तुमच्याशी नाही. दावा ड्रायव्हर आणि मालकावर, चेक शेवटी बहुधा कंपनीकडून.

नाव लायसन्सवर आणि नोंदणीवर असेल तसंच हवं. ‘माइक’ लिहून भागत नाही, तो कागदावर ‘मायकेल’ असेल आणि पुढे वसुलीला बँक तेच नाव मागेल. दाखल केल्यावर चूक लक्षात आली तर सुनावणीआधी कोर्टाचा एससी-११४ हा फॉर्म भरून दुरुस्ती मागता येते. पत्ता अपघातस्थळी घेतलेला नसेल तर पोलिस रिपोर्ट पाहा. हायवे पॅट्रोलचा रिपोर्ट सीएचपी-१९० या फॉर्मवर मागवतात. शहराच्या पोलिसांची पद्धत वेगळी असते. समोरच्याचा विमा कोणाचा हेच माहीत नसेल तर डीएमव्हीच्या एसआर-१९सी फॉर्मवर विचारता येतं.

आकडा

आता जिथे खरी कमाई किंवा गळती होते तिथे येऊ. कायद्याचा नियम साधा आहे: दुरुस्तीचा खर्च किंवा अपघातामुळे गाडीच्या किमतीत झालेली घट, यांपैकी जे कमी ते मिळतं. गाडीची अपघाताआधीची बाजारातली किंमत ९,५०० आणि दुरुस्ती ७,८४० असेल तर दुरुस्ती मागा. किंमत ६,००० आणि दुरुस्ती ७,८४० असेल तर ७,८४० मागून उपयोग नाही. तिथे ६,००० मधून भंगाराची किंमत वजा करून उरेल ते मागायचं. हा फरक न ओळखता दुरुस्तीचं एस्टिमेट घेऊन गेलेला वादी न्यायाधीशांच्या पहिल्याच प्रश्नाला गडबडतो: ‘अपघाताआधी या गाडीची किंमत काय होती?’

त्यामुळे दोन्ही आकडे जवळ ठेवा. किमतीसाठी तुमच्याच वर्षाच्या, मॉडेलच्या, ट्रिमच्या आणि मैलांनी जवळपास असलेल्या, तुमच्याच भागात विकायला असलेल्या चार-पाच गाड्यांच्या जाहिरातींच्या छापील प्रती काढा, तारीख दिसेल अशा. सोबत केली ब्लू बुक या गाड्यांच्या किमती सांगणाऱ्या वेबसाइटचं एक पान. फक्त ब्लू बुकवर भिस्त नको. तिथे गाडीची अवस्था तुम्हीच निवडलेली असते, हे न्यायाधीशांना ठाऊक असतं.

दुरुस्तीसाठी दोन बॉडी शॉपची एस्टिमेटं घ्या, आणि दुरुस्ती झाली असेल तर भरलेलं बिल. गाडी अजून दुरुस्त केली नसली तरी दावा करता येतो, एस्टिमेट पुरतं. एस्टिमेटची एक मेख लक्षात घ्या. बंपर न उघडता दिलेलं पहिलं एस्टिमेट नेहमी कमी असतं. बंपर काढला की आतली रीइन्फोर्समेंट पट्टी, रेडिएटर सपोर्ट, हेडलॅम्पचे तुटलेले कान असं काय काय बाहेर येतं आणि शॉप ‘सप्लिमेंट’, म्हणजे वाढीव खर्चाचं पुरवणी एस्टिमेट, काढतं. तुमच्या ७,८४० मध्ये १,२६० चा सप्लिमेंट असेल तर पहिलं एस्टिमेट, सप्लिमेंट आणि गाडी उघडल्यावरचे फोटो, तिन्ही हवेत. नाहीतर समोरचा जुनं ६,५८० चं एस्टिमेट दाखवून म्हणणार की बिल फुगवलं. फोटो शॉपकडे असतातच, मागून घ्या. बिलात नवे टायर किंवा अपघाताशी संबंध नसलेलं जुनं काम असेल तर ते स्वतःहून वजा करा. साठ-सत्तर डॉलरसाठी सगळ्या बिलावर संशय ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

याशिवाय टो (गाडी ओढून नेण्याचा खर्च), गाडी ठेवलेल्या यार्डाचं भाडं, आणि गाडी नसतानाच्या दिवसांचं भाड्याच्या गाडीचं बिल. भाड्याची गाडी तुमच्या गाडीच्या तोडीची आणि दिवस वाजवी हवेत. शॉपने ११ दिवस लावले तर ११ दिवस मागा. तुम्ही शॉप ठरवायला तीन आठवडे घालवले असतील तर ते आठवडे बहुधा कापले जातात. यार्डाचं तसंच. तिथे दिवसाला भाडं चढतं आणि नुकसान वाढू न देणं ही तुमची जबाबदारी, म्हणून गाडी लवकर हलवा. कोर्टात जायला घेतलेली रजा, फॉर्म भरण्यात गेलेला वेळ, झालेला मनस्ताप यांचे पैसे मिळत नाहीत. तुमचा हिशेब एका कागदावर असा दिसला पाहिजे:

दुरुस्ती, भरलेलं बिल: ७,८४०
टो: २८५
यार्ड, ५ दिवस, दिवसाला ७०: ३५०
भाड्याची गाडी, ११ दिवस, दिवसाला ४६: ५०६
एकूण: ८,९८१ डॉलर

प्रत्येक ओळीसमोर पुराव्याचा क्रमांक लिहा. कोर्टाची फी यात धरू नका, जिंकल्यास ती आणि बजावणीचा खर्च कोर्ट वेगळा लावतं. तुमचा स्वतःचा विमा चालू नव्हता असं निघालं तरी गाडीचं नुकसान मागता येतं. त्या स्थितीत वेदना आणि त्रासापोटीची भरपाई तेवढी कायद्याने बंद होते.

ज्यांच्याकडे कोलिजन कव्हर (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) आहे आणि ज्यांच्या कंपनीने पैसे देऊन टाकले आहेत, त्यांचा हिशेब निराळा. कंपनीने दिलेले पैसे पुन्हा मागायचे नाहीत, तो हक्क आता कंपनीचा. तुमच्या हातात उरतो डिडक्टिबल (नुकसानीतला तुम्ही स्वतः भरलेला हिस्सा) आणि कव्हर नसलेला खर्च. ती कंपनी समोरच्याकडून वसुली करत असेल तर त्या मागणीत तुमचा डिडक्टिबलही घालणं तिला बंधनकारक आहे. म्हणून दावा लावण्याआधी तिला लेखी विचारा. तुम्ही परस्पर डिडक्टिबलचा निकाल घेतलात तर तिच्या वसुलीत अडथळा येऊ शकतो आणि मग ती तुमच्याकडे वळते.

मागणीचं पत्र आणि फॉर्म

दावा लावण्याआधी पैसे मागितले होते का, हे फॉर्मवरच विचारतात. म्हणून ड्रायव्हर आणि मालक दोघांना एक पानी पत्र पाठवा, प्रत अॅडजस्टरला. तारीख, जागा, काय झालं ते तीन ओळींत, वरचा हिशेब, आणि ‘१४ दिवसांत पैसे न मिळाल्यास स्मॉल क्लेम्समध्ये दावा दाखल करेन’ हे एक वाक्य. धमक्या नको, पोलिसात जाईन, लायसन्स घालवीन असलं काही नको. हे पत्र न्यायाधीश वाचणार आहेत असं समजूनच लिहा.

मग दाव्याचा फॉर्म, एससी-१००. एकाहून जास्त प्रतिवादी असल्याने एससी-१००ए जोडा. पैसे का देणं लागतात, या प्रश्नाला जागा थोडीच असते आणि ते बरंच आहे. एवढं पुरतं: ‘अमुक तारखेला अमुक चौकात मी हिरव्या दिव्यावर सरळ जात होतो. प्रतिवादीने समोरून येऊन मला वाट न देता डावीकडे वळण घेतलं.’ रक्कम कशी काढली तिथे हिशेबाच्या चार ओळी. कोर्ट का निवडलं तिथे मालमत्तेचं नुकसान जिथे झालं ती काउंटी, म्हणजे तुमच्या बाबतीत अलामेडा. तुम्ही सांता क्लारा काउंटीत राहत असाल तरी तिथे दावा लागत नाही. आणि समोरचा लॉस एंजेलिसला राहत असेल तर त्याला अलामेडाला यावं लागेल, ही तुमची जमेची बाजू. अपघात कॅलिफोर्नियात झाला असेल तर परराज्यातल्या ड्रायव्हरवरही इथे दावा लावता येतो.

फी रकमेप्रमाणे: १,५०० पर्यंत ३० डॉलर, ५,००० पर्यंत ५०, त्यावर ७५. उत्पन्न कमी असेल तर एफडब्ल्यू-००१ भरून माफी मागता येते. एका कॅलेंडर वर्षात २,५०० च्या वरचे दोनच दावे लावता येतात. नुकसान १२,५०० च्या पुढे असेल तर वरच्या रकमेवर कायमचं पाणी सोडावं लागतं, ती नंतर दुसऱ्या कोर्टात मागता येत नाही. आणि फॉर्मवर सही करण्याआधी हेही समजून घ्या: वादीला आपल्या दाव्यावर अपील नाही. हरलात तर हरलात.

प्रत्येक काउंटीत स्मॉल क्लेम्सचा सल्लागार असतो, मोफत. तो तुमची बाजू मांडत नाही, पण फॉर्म तपासून देतो. लोक का जात नाहीत कोण जाणे.

बजावणी

तारीख साधारण २० ते ७० दिवसांच्या आतली मिळते. आता कागद प्रतिवादीच्या हाती नियमाप्रमाणे पडले पाहिजेत. तुम्ही स्वतः देऊ शकत नाही, आणि वादी असलेली तुमची बायकोही नाही. १८ वर्षांवरचा, दाव्यात नसलेला कुणीही चालतो: मित्र, शेजारी, शेरीफ, किंवा व्यावसायिक प्रोसेस सर्व्हर. मित्राला पाठवलंत तरी चालेल, पण पत्ता शोधायचा असेल तर व्यावसायिक माणूसच घ्या.

हातात द्यायचं असेल तर प्रतिवादी त्याच काउंटीत राहत असल्यास सुनावणीच्या किमान १५ दिवस आधी, बाहेर राहत असल्यास २० दिवस आधी. त्याने कागद घ्यायला नकार दिला तर समोर ठेवून ‘हे कोर्टाचे कागद आहेत’ असं सांगून निघावं, बजावणी झाली. घरी तो नसेल आणि दुसऱ्या मोठ्या माणसाकडे कागद दिले, तर नंतर त्याच पत्त्यावर साध्या टपालाने आणखी एक प्रत पाठवावी लागते आणि मुदत १० दिवसांनी वाढते, म्हणजे २५ आणि ३० दिवस. कोर्टाचा क्लार्क १५ डॉलरमध्ये सर्टिफाइड टपालाने पाठवतो, पण पावतीवर खुद्द प्रतिवादीची सही आली तरच ती धरतात. घरातल्या दुसऱ्याने सही केली, किंवा कुणी घेतलंच नाही, तर पंधरा डॉलर आणि दोन आठवडे पाण्यात. अपघाताच्या दाव्यात समोरच्याला काय येतंय याचा अंदाज असतो, तो सही कशाला करेल?

नवरा-बायको एकाच घरात राहत असले तरी दोघांना स्वतंत्र संच द्या. ज्याने बजावणी केली त्याने एससी-१०४ हा बजावणीचा दाखला भरून सही करायची, आणि तो सुनावणीच्या किमान ५ दिवस आधी कोर्टात पोचला पाहिजे. मुदत साधली नाही तर एससी-१५० ने नवी तारीख मागा, वेळेतच.

बजावणी झाली की बहुतेक वेळा समोरचा माणूस कागद आपल्या विमा कंपनीकडे धाडतो, आणि अॅडजस्टरचा फोन येतो. सूर बदललेला असतो. कंपनीला तिथे वकील पाठवता येणार नाही आणि तिच्या ग्राहकाला अर्धा दिवस मोडून उभं राहावं लागणार, हे तिला कळतं. ७५ किंवा ८० टक्क्यांचा प्रस्ताव आला तर शांतपणे विचार करा. घ्यायचं ठरलं तर चेक वटेपर्यंत दावा काढून घेऊ नका. उलट, समोरचा एससी-१२० भरून तुमच्यावरच दावा लावू शकतो. तो आला तर लगेच आपल्या विमा कंपनीला कळवा. तुमचं लायबिलिटी कव्हर त्यासाठीच आहे.

पुरावा आणि सुनावणी

डॅशकॅम असेल तर कार्डवरचं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा पुसलं जातं, म्हणून फाइल त्याच दिवशी उतरवा. कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपाचे कॅमेरे तर काही दिवसांतच साफ होतात. त्यांना लगेच विनंती करा. देत नसतील तर दावा लागल्यावर रेकॉर्डिंग हजर करायला लावणारा एससी-१०७ हा समन्स आहे. व्हिडिओ आपल्या लॅपटॉपवर न्या आणि त्यातली चार-पाच चित्रं कागदावर छापा. फोन न्यायाधीशांच्या हाती देऊन ‘बघा’ म्हणण्याची वेळ येऊ देऊ नका.

डाव्या वळणाच्या धडकेत धक्का नेमका कुठे बसला, हा अर्धा खटला असतो. समोरून वळणारी गाडी तुमच्यासमोरून तिची उजवी बाजू दाखवत जाते. तुमच्या बंपरने तिचा उजवा पुढचा फेंडर ठोकला असेल तर ती नुकतीच आडवी आली होती, तुम्हाला ब्रेकला जागाच नव्हती. पण धक्का तिच्या उजव्या मागच्या दारावर किंवा त्याही मागे असेल तर ती जवळजवळ पार झाली होती. मग समोरचा म्हणणार की मी वळण पूर्ण करत आलो होतो, यानेच वेळेत ब्रेक लावला नाही. याला कायद्यात आधारही आहे. व्हेइकल कोडचं (राज्याच्या वाहन कायद्याचं) कलम २१८०१ डावीकडे वळणाऱ्याला समोरून येणाऱ्या जवळच्या गाड्यांना वाट द्यायला सांगतं, आणि त्याचाच दुसरा भाग म्हणतो की वाट देऊन नियमाप्रमाणे वळायला लागलेल्या गाडीला इतरांनी वाट द्यावी. म्हणून दोन्ही गाड्यांचे, सर्व कोपऱ्यांचे फोटो हवेत, फक्त आपल्या गाडीचे नाही. तुमची गाडी चौकात शिरली तेव्हा दिवा कोणता होता, तुमचा वेग किती आणि समोरची गाडी वळायला लागली तेव्हा तुम्ही किती अंतरावर होतात, या तीन प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा. ‘साधारण ३५’ हे उत्तर तिथली मर्यादा ३५ असेल तर चांगलं, ३० असेल तर वाईट. मर्यादेच्या पाटीचा फोटो काढून ठेवा. पाठीमागून बसलेली धडक असेल तर कलम २१७०३, लेन बदलताना झाली तर २२१०७.

पोलिस रिपोर्ट न्या, पण त्यावर विसंबू नका. अधिकाऱ्याने धडक पाहिलेली नसते आणि त्याचं मत न्यायाधीशांवर बंधनकारक नाही. साक्षीदार प्रत्यक्ष आला तर उत्तम. आला नाही तर त्याचं लेखी निवेदन, शेवटी ‘कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यानुसार, खोटी साक्ष दिल्यास शिक्षेस पात्र राहून’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य, तारीख आणि सही. मागच्या सीटवर बसलेले आईबाबा परत पुण्याला गेले असतील तर हे वाक्य फार महत्त्वाचं. राज्याबाहेर सही केलेल्या निवेदनात कॅलिफोर्नियाच्या कायद्याचा उल्लेख असावाच लागतो. बऱ्याच काउंट्यांत व्हिडिओवरूनही साक्ष देता येते, मात्र आधी कळवावं लागतं. कुणाला इंग्रजी जड जात असेल तर आयएनटी-३०० भरून मराठी दुभाषा मागा. मराठीसाठी माणूस शोधायला वेळ लागतो, म्हणून तारीख कळताच अर्ज टाका. घरच्यांनी भाषांतर करावं हे न्यायाधीशांना सहसा पसंत पडत नाही.

पुराव्याचे तीन संच करा, क्रमांक घालून: एक न्यायाधीशांना, एक समोरच्याला, एक तुमचा. सुनावणीआधी बाहेर कागद एकमेकांना दाखवायला सांगतात. समोर बसलेले न्यायाधीश कधी कधी तात्पुरते नेमलेले वकील असतात. त्यांना नकार देता येतो, पण मग तारीख पुढे जाते. अपघाताच्या साध्या दाव्यात नकार देण्यासारखं काही नसतं.

बोलायला मिळतात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं, दोन्ही पक्ष मिळून. इथे आपली माणसं हमखास चुकतात. गोष्ट सांगायची सवय असते: मुलीला पोहायला सोडायचं होतं, उशीर झाला होता... ‘उशीर झाला होता’ हे तीन शब्द ऐकून न्यायाधीशांच्या मनात वेगाचा प्रश्न उभा राहतो. सुरुवात निकालापासून करा: ‘युवर ऑनर, मी ८,९८१ डॉलर मागतो आहे. प्रतिवादीने मला वाट न देता डावीकडे वळण घेतलं. पहिला पुरावा चौकाचा नकाशा.’ मग नकाशावर बोट, धडकेचे फोटो, हिशेबाचं पान. समोरच्याशी थेट बोलू नका, तो खोटं बोलतोय असं वाटलं तरी. आणि ‘यांची कंपनी अर्धे द्यायला तयार होती’ हे वाक्य तोंडातून काढू नका. तडजोडीचा प्रस्ताव चुकीची कबुली म्हणून चालत नाही, आणि ते वाक्य तुम्हालाच अर्ध्यावर आणून बसवतं.

समोरचा आलाच नाही तरी तुम्हाला दावा सिद्ध करावा लागतो, म्हणून त्या दिवशीही सगळे कागद हवेत.

निकालानंतर

निकाल बहुधा तिथे सांगत नाहीत, निकालाची नोटीस, एससी-१३०, टपालाने येते. समोरच्याला अपिलाला ३० दिवस असतात. निकाल २,५०० च्या वर असेल तर त्याची विमा कंपनीही अपील करू शकते. अपिलात सगळं नव्याने ऐकलं जातं आणि तिथे वकील चालतो, म्हणून फाइल जपून ठेवा. अपील आलं नाही तर निकालाची प्रत क्लेम नंबर घालून अॅडजस्टरला पाठवा. निकालाची रक्कम पॉलिसीच्या मर्यादेत असेल तर कंपनी चेक काढते. २०२५ पासून कॅलिफोर्नियातल्या पॉलिसीत मालमत्तेच्या नुकसानीचं किमान कव्हर १५,००० डॉलर आहे, त्याआधी फक्त ५,००० होतं. अपघाताच्या दिवशी लागू असलेली पॉलिसी कोणती ते पाहा.

समोरच्याचा विमाच नसेल तर वसुली तुमच्याकडे. त्याने एससी-१३३ वर आपली मालमत्ता सांगायची असते. ईजे-१३० हा रिट (वसुलीचा कोर्टाचा आदेश) घेऊन शेरीफमार्फत पगार किंवा बँक खात्यावर टाच आणता येते. अपघाताच्या निकालाला एक खास हत्यार आहे. पैसे ३० दिवसांत दिले नाहीत तर डीएल-३० या फॉर्मवरून डीएमव्ही त्याचं लायसन्स निलंबित करू शकते. ज्याला रोज गाडीने कामावर जावं लागतं तो यानंतर हप्त्यांची बोलणी करायला येतो. निकालावर वर्षाला १० टक्के सरळ व्याज चढतं, ८,९८१ वर दिवसाला साधारण अडीच डॉलर, आणि निकाल १० वर्षं टिकतो, त्यानंतर नूतनीकरणही होतं. पूर्ण पैसे मिळाले की मात्र एससी-२९० भरून कोर्टाला कळवा. ते तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि न केल्यास समोरचा तुमच्याकडून दंड मागू शकतो.